गाडीची उंची आणि प्रवाशाची पायरी

(रस्ता सुरक्षा सप्ताहाच्या निमित्ताने एका ग्रामपंचायतीच्या सभागृहात ग्रामस्थ, शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि बसचालक यांच्यासमोर वाहतूक कार्यशाळेतील एका निवृत्त प्रशिक्षकांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हवेच्या उशांवर चालणाऱ्या बसची उंची कशी राखावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. तो ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना आश्चर्य वाटले असेल. हा विषय कार्यशाळेच्या चार भिंतींतला. तो गावच्या सभागृहात कशासाठी आणावयाचा, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच होय. त्याचे उत्तर मी भाषणाच्या ओघात देणारच आहे. तूर्त एवढेच सांगतो की गाडीची उंची दोन-चार सेंटिमीटरांनी बिघडली तर त्याची किंमत कार्यशाळेतील माणसे सहसा मोजत नाहीत. ती किंमत डोक्यावर पाटी घेऊन बसच्या पहिल्या पायरीवर पाऊल टाकणारी आजी मोजते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीने मला ते शिकविले आहे.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. आपल्या परिचयाची जुनी बस पोलादी कमानपाट्यांवर बसविलेली असते. शुक्रवारच्या बाजाराला म्हापशास निघालेली बस आपण सर्वांनी पाहिली आहे. माणसे, पाट्या, पोती यांनी ती भरली की पाटे वाकतात आणि गाडी खाली बसते. बाजार उठल्यावर तीच गाडी रिकामी धावू लागली की पाटे पुन्हा ताठ होतात, गाडी उंच होते आणि प्रत्येक खड्ड्यागणिक प्रवासी आसनावरून उसळतो. याचे कारण साधे आहे. पाट्याचा ताठपणा कारखान्यात एकदाच ठरतो. तो भरलेल्या गाडीला पुरेसा ठेवावा तर रिकाम्या गाडीला फार होतो आणि रिकाम्या गाडीला सोसेल इतका मऊ ठेवावा तर भरलेली गाडी जमिनीला टेकू पाहते.

हवेची उशी ही अडचण दूर करते. पाट्यांच्या जागी, आस आणि चॅसिस यांच्या मध्ये, जाड रबराची व आतून दोऱ्यांच्या थरांनी बळकट केलेली एक पोकळ उशी बसविलेली असते. कार्यशाळेत तिला बलून म्हणतात. तिच्यात दाबाखाली हवा भरलेली असते. शिक्षकमंडळींना हे गणित वर्गात मांडता येईल. उशीचे भार घेणारे क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर धरू. म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ. आत दर चौरस सेंटिमीटरला ४ किलोग्रॅम इतका दाब असेल तर ती एक उशी २,००० किलोग्रॅम भार तोलून धरते. भार वाढून ३,००० किलोग्रॅम झाला तर दाब ६ किलोग्रॅम करावयाचा, एवढेच. उशी तीच, उंची तीच. बदलतो तो केवळ आतील हवेचा दाब. शिवाय दाब वाढला की उशीचा ताठपणाही त्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे गाडी रिकामी असो वा भरलेली असो, तिचे हेलकावे जवळजवळ सारख्याच गतीचे राहतात.

आता हा दाब कमी-जास्त कोण करतो? प्रत्येक थांब्यावर चालक खाली उतरून हवा भरीत बसत नाही. हे काम एक लहानशी झडप करते. तिला लेव्हलिंग व्हॉल्व्ह असे म्हणतात. आपल्या घरावरील पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो. पाणी खाली गेले की गोळा खाली जातो व तोटी उघडते. पाणी ठरलेल्या पातळीस आले की गोळा वर येऊन तोटी बंद करतो. गाडीतील झडपेचे तत्त्व अगदी असेच आहे. झडप चॅसिसवर पक्की केलेली असते. तिला एक आडवा हात असतो आणि त्या हाताचे टोक एका उभ्या दांडीने खाली आसाशी जोडलेले असते. प्रवासी चढले, चॅसिस खाली आली, की दांडी हाताला वर ढकलते; टाकीतील हवा उशीत शिरते आणि गाडी वर उचलली जाते. प्रवासी उतरले, गाडी वर गेली, की हात खाली ओढला जातो आणि जादा हवा सुस्कारा टाकीत बाहेर पडते. हात आडवा, म्हणजे मधल्या स्थितीत आला की दोन्ही वाटा बंद. थांब्यावर उभ्या असलेल्या बसच्या पोटातून जो 'फुस्स' असा आवाज येतो, त्यांपैकी पुष्कळ वेळा तो हाच सुस्कारा असतो.

रस्त्यावरील प्रत्येक खड्ड्याला झडपेने उत्तर द्यावयाचे ठरविले तर सारी हवा वायाच जाईल. म्हणून काही झडपांत मुद्दाम काही सेकंदांचा विलंब ठेवलेला असतो आणि काहींत मधल्या स्थितीच्या आसपास थोडी मोकळीक ठेवलेली असते. क्षणिक हिसक्यांकडे झडप दुर्लक्ष करते. टिकून राहिलेल्या भाराचीच ती दखल घेते.

ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेत हवेच्या उशांवरील प्रवासी बसगाड्या १९५३ च्या सुमारास रस्त्यावर धावू लागल्या. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीने १९५५ साली आपली डीएस ही मोटार लोकांपुढे आणली. तिच्यात तेल आणि दाबाखालील नायट्रोजन वायू यांची जोडी होती. पॉल माजेस या अभियंत्याने ही योजना सिद्ध केली. उभी असताना खाली बसलेली ही गाडी इंजिन सुरू होताच आपोआप उठत असे आणि चालकाला एका दांड्याने तिची उंची ठरविता येत असे. आपल्याकडे २००१ नंतर लांब पल्ल्याच्या मोठ्या आरामगाड्यांबरोबर हवेच्या उशा सामान्य प्रवाशाच्या परिचयाच्या झाल्या. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत हेच तत्त्व रुळांवर उपयोगात आहे. तेथे डब्यात गर्दी कितीही दाटली तरी डब्याचा तळ फलाटाच्या पातळीपासून फार खाली जाऊ नये, यासाठी हवेच्या उशा लावलेल्या असतात. जून २०२३ मध्ये मुंबई आणि मडगाव यांच्या दरम्यान सुरू झालेल्या वंदे भारत गाडीच्या डब्यांनाही अशाच उशा आहेत.

माझी चूक

आता माझी गोष्ट सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी एका कार्यशाळेत काम करीत होतो. हवेच्या उशांची विद्या मी नुकतीच शिकलो होतो आणि नव्या विद्येचा जो अभिमान असतो, तो मलाही होता. एके दिवशी एक चालक तक्रार घेऊन आला. त्याच्या मार्गावरील एका गावात शाळेपुढे नवा गतिरोधक घातला होता. तो ओलांडताना बसचा पुढचा ओठ घासत असे. गाडी थोडी वर उचलून द्या, असे त्याचे म्हणणे होते. वरिष्ठांना विचारावे, उत्पादकाचे माहितीपुस्तक उघडावे, हे मला सुचले नाही. मी खाली गेलो, पुढच्या झडपेची दांडी चार सेंटिमीटरांनी लांब केली आणि चेकनट आवळला. पाच मिनिटांचे काम. गाडी डौलात वर उठली. चालक खूष झाला, मीही झालो.

दांडी लांब केली की गाडी वर का जाते, हे ध्यानात घ्या. दांडी लांब झाली म्हणजे ती झडपेच्या हाताला वर ढकलते. झडपेला वाटते, गाडी खाली बसली आहे. ती हवा सोडते आणि हात पुन्हा आडवा होईपर्यंत गाडी उचलीत राहते. दांडी थेट आसाला जोडलेली असेल तर ती जितकी लांब करावी तितकीच गाडी त्या आसावर उंच होते. दांडी आखूड केली तर गाडी तितकीच खाली येते.

पण मी एक गणित केले नव्हते. पुढची चाके आणि मागची चाके यांतील अंतर सहा मीटर धरा आणि चढण्याचे दार पुढच्या चाकांच्याही दोन मीटर पुढे धरा. गाडी मागच्या आसावर टेकून पुढून उचलली गेली. चाकांपाशी चार सेंटिमीटर, तर दारापाशी आठ भागिले सहा या प्रमाणात पाच सेंटिमीटरांहून अधिक. तीन बोटांची ही वाढ तरुण माणसाच्या ध्यानातही येत नाही.

दीड-दोन महिन्यांनी त्या गाडीचा वाहक मला कार्यशाळेच्या दारात भेटला. तो म्हणाला, "मेस्त्री, तुमची गाडी मोठी ऐटीत चालते, पण आजीबाईंचा पाय तिथवर पोचत नाही हो." मग त्याने सविस्तर हकिगत सांगितली. त्याच गावातली एक वृद्धा दर आठवड्याला भाजीची पाटी घेऊन त्या गाडीने बाजाराला जात असे. पायरीची सवय तिच्या पायाला झाली होती. पावसाचे दिवस, ओली पायरी, हातात पाटी. पाऊल नेहमीच्या अंदाजाने टाकले, ते पायरीच्या कडेला लागून निसटले आणि ती रस्त्यावर पडली. कमरेचे हाड मोडले. त्यानंतर ती बाजाराला कधी गेली नाही.

त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही. कोणीही मला दोषी धरले नव्हते. गाडीच्या उंचीशी त्या पडण्याचा संबंध कोणी लावलाही नव्हता. परंतु तो चेकनट माझ्या हाताने आवळला होता, हे मला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी मी माहितीपुस्तक उघडले आणि ती गाडी मागवून घेतली. मोजमाप केले तेव्हा आणखीही गोष्टी दिसून आल्या. पुढचे शॉक ॲब्सॉर्बर आपल्या लांबीच्या टोकाशी ताणले गेले होते. एकातून तेल गळत होते. उशांचे रबर वरच्या घडीपाशी ताणाने पांढुरके पडले होते.

मागच्या आसावर अशी चूक झाली असती तर हानी आणखी मोठी झाली असती. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट ठरावीक कोनात फिरावा, असे गाडी बांधतानाच योजलेले असते. उंची बदलली की तो कोन बदलतो, गाडी थरथरते आणि सांध्यातील क्रॉस लवकर झिजतात. मागे इंजिन असलेल्या बसमध्ये हा शाफ्ट आखूड असतो. त्यामुळे थोड्याशा उंचीनेही कोनात मोठा फरक पडतो. उंची प्रमाणापेक्षा कमी ठेवली तर उशीतील रबरी ठोकळ्यावर गाडी वारंवार आदळते. पुढून उंच झालेल्या गाडीचे दिवे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातात. चोर्ला किंवा अनमोड घाटात रात्री गाडी चालविणाऱ्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

उंची कशी लावावी

येथे उपस्थित असलेल्या कार्यशाळेतील मंडळींसाठी योग्य रीत क्रमाने सांगतो. इतरांनीही ती ऐकावी; आपली गाडी दुरुस्तीला दिली असता काय व्हावयास हवे, ते त्यांना कळेल.

पहिली गोष्ट, जागा. जमीन सपाट व कठीण असावी. गाडी रिकामी असावी आणि चाकांतील हवा प्रमाणात असावी. गाडी सरळ रेषेत हळू पुढे-मागे करून, शक्यतो ब्रेक न दाबता, थांबू द्यावी. म्हणजे सांधे आपापल्या जागी मोकळे बसतात. ज्या आसाचे काम करावयाचे नाही त्याच्या चाकांना पुढून-मागून उटी लावावी आणि मगच हातब्रेक सोडावा. हातब्रेक आवळलेला राहिला तर चाके किंचितही फिरू शकत नाहीत, गाडी अडखळून वर-खाली होते आणि माप खोटे येते.

दुसरी गोष्ट, हवा. इंजिन चालवून टाक्या पूर्ण भरू द्याव्यात. अर्धवट दाबावर घेतलेल्या मापाला काहीही अर्थ नाही.

तिसरी गोष्ट, मोजावयाची जागा. पुष्कळ जण जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजतात. हे सर्वस्वी चूक आहे. टायर झिजलेले असतात, बॉडी एखाद्या बाजूला वाकलेली असते. उत्पादकाने आस आणि चॅसिस यांवरील नेमके दोन बिंदू सांगितलेले असतात. त्यांच्यामधील अंतर हीच गाडीची खरी उंची. ती प्रत्येक नमुन्याची वेगळी असते. एका गाडीचे माप दुसरीला लावू नये.

चौथी गोष्ट, प्रत्यक्ष जुळवणी. दांडी हातापासून सोडवावी, हात हळूच खाली करून उशीतील थोडी हवा जाऊ द्यावी, मग दांडी पुन्हा जोडावी आणि गाडी आपल्या बळावर उठून स्थिर होईपर्यंत थांबावे. झडपेतील विलंब ध्यानात ठेवून घाई करू नये. मग मोजावे. फरक असेल तर दांडी थोडी लांब किंवा आखूड करावी आणि पुन्हा हवा सोडण्यापासून सारे काम करावे. प्रत्येक वेळी गाडी खालून वर येऊनच माप घ्यावे. एकदा वरून आणि एकदा खालून आलेली मापे जुळत नाहीत. कारण झडपेच्या मधल्या मोकळिकीमुळे तेवढा फरक राहतो. उत्पादक जी सूट देतो ती काही मिलिमीटरांचीच असते, हे विसरू नये.

पाचवी गोष्ट, बाजूंचा तोल. बहुतेक बसगाड्यांना एकूण तीनच झडपा असतात. बहुधा पुढे एक आणि मागे दोन. चार का नाहीत, असे विद्यार्थी मला नेहमी विचारीत. आपल्या घरची तिवई आठवा. तीन पायांची तिवई ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही; चार पायांची खुर्ची मात्र डुगडुगते. चार कोपऱ्यांना चार झडपा लावल्या तर त्या एकमेकींशी भांडू लागतात. एक भरते, दुसरी सोडते आणि गाडी कधीच स्थिरावत नाही. ज्या टोकाला दोन झडपा आहेत तेथे डावी जुळविल्यावर उजवीचे माप थोडे बदलते. म्हणून दोन्ही बाजू आळीपाळीने, दोन्ही मापे जुळेपर्यंत तपासाव्यात. शेवटी चेकनट आवळावा, गाडी थोडी फिरवून आणावी आणि पुन्हा एकदा मोजावे. मोजलेले माप वहीत तारखेसह लिहावे. माझ्या चुकीच्या वेळी अशी नोंद असती तर पुढच्याच तपासणीत कोणाच्या तरी लक्षात ती आली असती.

जिवाची काळजी

आता जे सांगतो ते सर्वांत महत्त्वाचे आहे. हवेच्या उशीवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही, क्षणभरही, तसेच जाऊ नये. पोलादी पाटा सहसा एकाएकी नाहीसा होत नाही. हवा मात्र होते. नळी निसटली, उशी फाटली किंवा नकळत झडपेच्या हाताला धक्का लागला, तर कित्येक टन वजनाची गाडी काही क्षणांत खाली येते. गाडीखाली जाण्यापूर्वी चॅसिसच्या सांगितलेल्या जागी भक्कम घोड्या लावल्याच पाहिजेत. उंची जुळविताना गाडी मोकळी असावी लागते. अशा वेळी घोड्यांचा माथा चॅसिसपासून थोडा खाली ठेवावा. म्हणजे माप बिघडत नाही आणि गाडी खाली आलीच तर घोड्यांवर अडते. ज्यांच्याकडे अशी खासगी मोटार आहे त्यांनीही चाक बदलताना माहितीपुस्तक पाहावे. अशा पुष्कळ मोटारींत जॅक लावण्यापूर्वी उंचीची आपोआप होणारी हालचाल बंद करण्याची सोय असते. ती न वापरता जॅक लावला तर गाडी जॅकवरच हालचाल करू शकते.

दुसरी वाईट रीत म्हणजे झडपेचा हात तारेने वर बांधून टाकणे. मार्गावर काही बिघाड झाला की हा उपाय केलेला मी पाहिला आहे. उशी मर्यादेबाहेर फुगते आणि सारा ताण शॉक ॲब्सॉर्बरवर येतो. चालकांनी हेही ध्यानात ठेवावे की रात्रभर उभी राहून खाली बसलेली गाडी पूर्ण उठल्याशिवाय हलवू नये. रबर चिमटले जाते आणि मग भर रस्त्यात दगा देते.

हवेच्या उशांना हवा मिळते ती ब्रेकला हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरकडूनच. म्हणून मध्ये एक संरक्षक झडप असते. आधी ब्रेकच्या टाक्या भरतात, मग उशांना हवा मिळते. उशी फुटली तरी ब्रेकसाठी राखलेला दाब जाऊ नये, असा तिचा हेतू आहे. ही झडप बिघडल्याची शंका आली तर गाडी मार्गावर पाठवू नये. कित्येक गाड्यांत मालाच्या किंवा प्रवाशांच्या भाराप्रमाणे ब्रेकचा जोर कमी-जास्त करण्यासाठी उशीतील दाबाचाच आधार घेतात. तेव्हा उशीची प्रकृती आणि ब्रेकची प्रकृती यांना वेगळे मानता येत नाही.

आपला हा किनारपट्टीचा दमट मुलूख. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कॉम्प्रेसर जी हवा ओढतो तिच्यात पाण्याचा अंश भरपूर असतो. दाबाखाली ते पाणी टाकीत साचते, झडपेत शिरते आणि तिला गंज चढवते. हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरची निगा राखावी आणि टाक्यांतील पाणी नेमाने सोडावे. लाल माती व चिखल दांडीच्या सांध्यांत बसतो. तोही धुऊन काढावा. सकाळी गाडी एका बाजूला झुकलेली दिसली तर त्या बाजूला साबणाचे पाणी लावून पाहावे. बुडबुडे आले की गळती सापडली. अशी गळती दांडीची लांबी बदलून लपवू नये. उंची चुकली की आधी कारण शोधावे आणि शेवटी दांडीला हात लावावा.

गुडघे टेकणारी बस

नव्या गाड्यांत दांडीची जागा विजेच्या संवेदकांनी आणि लहानशा संगणकाने घेतली आहे. अशा गाड्यांची उंची पान्याने लावता येत नाही. तपासणी यंत्र जोडून संगणकाला योग्य माप शिकवावे लागते. तत्त्व मात्र तेच आहे: सपाट जमीन, पूर्ण हवा, नेमके बिंदू.

या गाड्यांनी एक मोठी सोय केली आहे. थांब्यावर चालक कळ दाबतो आणि बस दाराच्या बाजूला झुकते. जणू ती प्रवाशापुढे गुडघे टेकते. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ साली शहर बसगाड्यांसाठी जे विनिर्देश ठरविले, त्यांत तळाची उंची ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर अशी वर्गवारी होती. ४०० मिलिमीटरच्या गाडीला आत चढण्यासाठी पायऱ्यांची चढण चढावी लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक अधिनियमाने वाहतुकीची साधने सर्वांना वापरता येण्याजोगी असावीत, हे शासनाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. कायदा राजधानीत होतो, गाडी कारखान्यात होते. पण त्यांचा लाभ थांब्यावरील माणसाला मिळावयाचा की नाही, हे चालकाने ती कळ दाबण्यावर आणि कार्यशाळेने ती चालू ठेवण्यावर अवलंबून असते.

गावाचा वाटा

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. हा विषय गावच्या सभागृहात कशासाठी? मी त्या गाडीची उंची पूर्ववत केली तेव्हा तो चालक पुन्हा माझ्याकडे आला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. गाडी गतिरोधकावर पुन्हा घासू लागली होती. या वेळी आम्ही दोघे मापाची पट्टी घेऊन त्या गावात गेलो. गतिरोधक ग्रामस्थांनीच, मुलांच्या काळजीपोटी, उरलेल्या काँक्रीटमधून घातलेला होता. तो अरुंद आणि उंच होता. जणू रस्त्यावर आडवा टाकलेला ओंडका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांत गोलाकार गतिरोधकाचे माप दिलेले आहे. वाहनाच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर आणि मध्यावरील उंची केवळ १० सेंटिमीटर. असा गतिरोधक मोठी गाडी ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने न घासता ओलांडते आणि मुलांचेही रक्षण होते. आम्ही सरपंचांना भेटलो. त्यांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि पुढे संबंधित खात्याच्या अभियंत्यांच्या देखरेखीखाली तो गतिरोधक मापात बांधून घेतला. त्यानंतर त्या मार्गावरील एकाही चालकाने गाडी वर उचलून मागितली नाही.

ही साखळी पाहा. मुलांच्या काळजीने गावाने ओंडका घातला. गाडीच्या काळजीने चालकाने उंची मागितली. चालकाच्या समाधानासाठी मी दांडी लांब केली. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. फक्त कोणीही माप पाहिले नाही. आणि कमरेचे हाड मोडले ते या साखळीत ज्या बाईचा काहीही वाटा नव्हता तिचे.

यास्तव माझी तीन मागणी आहेत. पंचायतीला माझी विनंती आहे की आपल्या हद्दीतील गतिरोधक एकदा पट्टीने मोजून घ्यावेत आणि नवा गतिरोधक खात्याच्या परवानगीशिवाय घालू नये. शिक्षकांना माझी विनंती आहे की टोक बंद केलेल्या सुई नसलेल्या पिचकारीच्या दट्ट्यावर एक-एक वजन ठेवून हवा कशी दबते आणि भार कसा तोलते, हे मुलांना दाखवावे. त्या मुलांतूनच उद्याचे यांत्रिक आणि चालक घडावयाचे आहेत. कार्यशाळेतील माझ्या बंधूंना काय सांगू? पान्याला हात घालण्यापूर्वी माहितीपुस्तकाला हात घालावा. आणि माप जुळल्यावर, हात पुसून, एकदा दारापाशी जावे व पहिल्या पायरीकडे आपल्या आईच्या डोळ्यांनी पाहावे.

ती वृद्धा आता हयात नाही. तिला भेटून मी माझी चूक सांगितली होती. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "आता पायरी खाली केलीस ना, बाबा?" मी होय म्हणालो. आपल्या सर्वांना हेच उत्तर प्रामाणिकपणे देता यावे, एवढी इच्छा व्यक्त करून मी माझे भाषण संपवितो.